तोटी उघडी ठेव

१

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती आणि आमच्या गल्लीत नळ आठ दिवसांनी यायचा. कलेक्टर आला, कचेऱ्या आल्या, घरांची भाडी चढली, पण पाणी काही आलं नाही. आदल्या साली मृगापासून हस्तापर्यंत सगळी नक्षत्रं कोरडी गेलेली. धरणाच्या तळात म्हणे जनावरं चरत होती.

नळ कधी येईल त्याचा नेम नसायचा. म्हणून आम्ही बाया तोटी उघडीच ठेवायचो, खाली घागर लावून. आधी हवा यायची, फुस्स करून. मग दोन थुंक्या टाकल्यासारखं तांबडं पाणी, मग धार. जिच्या घरी आधी फुसफुसलं तिनं ओरडायचं, "नळ आला!" पुढचीनं तिच्या पुढच्या घराला सांगायचं. धार तुटली की तसंच, "पाणी गेलं!" दिवसभर आमचे कान या दोन बातम्यांकडं.

माझी लेक महानंदा उदगीरला दिलेली. एकुलती एक. तिला दिवस गेले तेव्हा मी म्हणलं, पहिलं बाळंतपण माहेरी, रीतच आहे. तर विहीणबाई पार्वतम्मा मला म्हणते कशी, "आमच्या परसात आड हाय, दुष्काळात बी दोन हात पाणी हाय. तुमच्या लातुरात काय हाय? बाळंतपण काय कोरड्या फडक्यानं करता?" चार बायांत म्हणाली. लग्नापासून ती मला पाण्यात बघायची, पण त्या दिवशी फार लागलं.

मी म्हणलं, "जिल्ह्याचं ठिकाण हाय आमचं. माझ्या लेकीला घागर उचलू देणार न्हाई. चुलीजवळ, ओट्यावर नळ असंल माझ्या घरात."

तोवर आमचा नळ अंगणात होता. चूल खाली, भांडी खाली, सगळं उकिडवं बसून. पण बोलून बसले. आता शब्द खरा करणं आलं.

२

महिन्याभरात कडप्प्याचा ओटा झाला. राहिली तोटी. रविवारी मी, आमचे हे म्हणजे अमृतराव, आणि शेजारची बेगमबी असे तिघं गंजगोलाईत मोहियोद्दीनभाईच्या दुकानात गेलो. बेगमबी माझी सख्ख्या बहिणीपेक्षा जवळची. भिंतीला भिंत लागून घर, मागचं दार एकाच बोळात. गल्लीतली निम्मी लेकरं तिच्या हातावर जगात आलेली.

मोहियोद्दीनभाईनं भिंतीवर एक फळी ठोकली होती आणि फळीवर ओळीनं तोट्या बसवल्या होत्या, गिऱ्हाइकांना बघायला. मी एकेक फिरवून बघत गेले. पितळी होत्या, जाड, आमच्या अंगणातल्यासारख्या. शेवटी एक पांढरी लखलखीत, बगळ्यासारखी मान वर जाऊन खाली वळलेली. ती मान डावी-उजवीकडं फिरायची. माझा जीव तिच्यावर बसला.

"अक्का, पितळी घ्या," बेगमबी म्हणाली. "इसका मूं देखो. देनेवाले का मूं नई है."

"तोटीला काय तोंड बघतीस? माणूस हाय का?" मी हसले आणि तिच्या तोंडाखाली तळवा धरून तोटी उघडली. उगीच, लेकरं खेळतात तशी.

तळव्याला गार लागलं. बाहेर रस्त्यावर डांबर वितळत होतं आणि माझा तळवा गार पडला. नुसता गार नाही, कातडी जराशी वर ओढल्यासारखी झाली. मी हात काढून घेतला. फळीच्या मागं बघितलं. मागं चुन्याची भिंत होती, बाकी काही नाही.

"वायसर नवा हाय म्हणून तसं लागतंय," मोहियोद्दीनभाई म्हणाला. "हा शोचा पीस हाय बाई. दुसरा मागवून देतो, आठ दिवस थांबा."

मी म्हणलं, मला हीच पाहिजे. आठ दिवसांनी महानंदा यायची होती आणि सोबत पार्वतम्मा सोडायला. अमृतरावांना विचारलं तर ते म्हणाले, "तुला आवडली तर घे." उभ्या जन्मात त्यांनी दुसरं काही म्हणलं नाही.

३

पार्वतम्मा आली, ओटा बघितला, तोटीची मान दोन बोटांनी इकडून तिकडं फिरवली आणि गप बसली. मला स्वर्ग दोन बोटं उरला. ती दुसऱ्या दिवशी उदगीरला परत गेली. महानंदा आठव्यात होती. पायाला सूज, तोंडावर तेज. बेगमबी रोज दुपारी मागच्या दारानं यायची आणि तिच्या पायाला तेल लावायची.

मंगळवारी नळ आला. अंगणातल्या पितळी तोटीला करंगळीएवढी धार होती. मी ओट्यापाशी धावले. बगळ्याच्या मानेतून थेंब नाही. मी खाली कान नेला. फुस्स ऐकू आलं, पण ते बाहेर येणारं नव्हतं. कुणी तापलेलं दूध फुंकून न पिता सुर्रकन ओढावं, तसं आत जाणारं होतं.

नवी तोटी आहे, हवा अडकली असेल, म्हणलं. अंगणातल्या नळावर भरलं आणि तीन घागरी उचलून ओट्याखाली ठेवल्या. वर ताटल्या झाकल्या. घरात सगळ्यांना सांगून टाकलं, या बाळंतपणाच्या घागरी. लिंगपूजेला वाटीभर लागलं तरी टिपाडातलं घ्यायचं, यांना हात लावायचा नाही.

दोन दिवसांनी ओट्यावर राखेनं भांडी घासत होते. दुपारची वेळ, वारा नाही, पान हलत नव्हतं. बघते तर राख ओट्यावरून हळूहळू सरकत चाललेली. तोटीच्या खाली जमली, उभी राहिली आणि वर तोंडात गेली. चिमटीभरच असेल. मी तोंडावर पदर धरून बघत राहिले.

संध्याकाळी यांना सांगितलं. "कुणीतरी मोटर लावली असंल," हे म्हणाले. ते मला पटलं. एखाद्यानं नळाला मोटर लावली की ती सगळ्या गल्लीचं पाणी ओढते आणि बाकीच्यांच्या तोट्या उलटी हवा खातात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. कोण असेल मेला, म्हणून मी सगळ्या गल्लीच्या नावानं बोटं मोडली. नळ तर दोन दिवसांपूर्वीच येऊन गेला होता, मग मोटर काय ओढत होती, हे मी मला विचारलंच नाही.

४

घागरींतलं पाणी कमी होत चाललं होतं.

ताटल्या जागच्या जागी. जमीन कोरडी, फरशीला ओल नाही. पण सकाळी काठोकाठ असलेली घागर दुपारी चार बोटं खाली. गळते म्हणून तिन्ही घागरी खालून चाचपून बघितल्या, धड होत्या. मी आतून कोळशानं रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेच्या खाली. भरीस भर म्हणून माझी दोन फडकीही गेली. आता फडकं कोण चोरतं?

बाहेरचं माणूस आमच्या स्वयंपाकघरात एकच येत होतं. तीन दिवस मी तो विचार झटकला. चौथ्या दिवशी बेगमबी महानंदाचे पाय मांडीवर घेऊन बसली होती. तेल जिरवता जिरवता थांबली. "सूज उतरली गे," म्हणाली. मग तिनं अंगठ्यानं पोटरी दाबून बघितली, पुन्हा दाबली. "इत्ती जल्दी? पाय कोरडे पडायलेत, अक्का. हिला पानी देते ना तू?"

माझं डोकंच फिरलं. "मी देते गं! पण घरात राहिलं तर देऊ ना! माझ्या लेकीच्या बाळंतपणाचं पाणी मागच्या दारानं जायलंय!"

 मला वाटलं भांडेल, शिव्या देईल. ती भांडली असती तर मी शुद्धीवर आले असते. तिनं तेलाची वाटी खाली ठेवली, हात पदराला पुसले.

"माझ्या घरात सहा माणसं हायेत, अक्का. कधी तुझ्याकडं पेलाभर मागितलं?" आणि दारात थांबून म्हणाली, "तू आवाज देईपर्यंत आता उंबऱ्याला पाय लावणार न्हाई."

मी दाराला आतून कडी घातली. बहीण म्हणून जीव लावला आणि तिनं केसानं गळा कापला, असं म्हणून रडले. खरंच रडले हो. आणि एवढं रडून दुसऱ्या दिवशी बघते तर पाणी आणखी चार बोटं खाली.

५

महानंदाला ओट्याजवळ बसायचा नाद लागला. बाहेर अंग भाजणारं ऊन, पत्र्याखाली भट्टी. तिथं म्हणे गार लागायचं. ओट्याला पाठ लावून, पाय पसरून दुपारभर बसायची, वर तोटी.

"उठ गं, खोलीत पड जरा."

"इथं बरं वाटतंय, अव्वा. कुणी फुंकर घातल्यासारखं लागतंय." मग म्हणायची, "न्हाई, फुंकर न्हाई. उलटं काहीतरी."

तिचे ओठ फुटले होते. हातावर नख ओढलं की पांढरी रेघ उठायची. मी माझं पाणी तोडून तिला द्यायचे. ती तांब्याच्या तांब्या प्यायची आणि अर्ध्या तासात परत मागायची. गरोदर बाईला तहान लागतेच, म्हणलं. उन्हाळाच तसा होता.

एका दुपारी पडवीत गहू निवडत होते. आतून आवाज आला. घट. घट. घट. कुणी सावकाश, पोटभर पाणी पीत असावं तसा. पितेय बिचारी, म्हणून मला बरं वाटलं. गहू घेऊन आत गेले तर ती ओट्याला टेकून झोपलेली. शेजारी तांब्या भरलेला, वर पेला तसाच पालथा. आणि आवाज चालूच होता. मी पाऊल टाकलं तसा थांबला.

तोटीची मान मी सकाळी ओट्यावर लावलेल्या रिकाम्या घागरीवर वळवलेली मला पक्कं आठवत होतं. आता ती महानंदाच्या बाजूला होती.

झोपेत हात लागला असेल. मी मान परत घागरीवर वळवली, आणि सवयीनं तोटी उघडी आहे ना ते बघितलं.

६

त्यानंतरचा रविवार. दुपार. हे बाहेरच्या खोलीत आडवे झालेले. मी अंगणात खाटेवर कुरडया घालत होते, हात चिकानं भरलेले. आतून महानंदानं हाक मारली.

"अव्वा, पाणी गेलं."

नळ कधी आला होता कोण जाणे. मी म्हणलं, "जाऊ दे गं. येईल परत."

जरा वेळानं परत, बारीक आवाजात, "अव्वा, पाणी गेलं म्हणते ना."

"अगं गेलं तर गेलं! त्याला मी काय करू? तोटी उघडी ठेव."

 मी चार-पाच कुरडया घातल्या. आणि आत धार लागली. काय धार! घागरीत पडताना दणदण वाजत होती. इतक्या दिवसांत माझ्या ओट्यावरच्या नळाला पहिल्यांदा पाणी आलं होतं. मला आनंदाचं भरतं आलं. चिकाचे हात तसेच घेऊन मी गल्लीकडं तोंड करून ओरडले, "नळ आला! नळ आला गं!"

कुणी पुढं हाक दिली नाही. बाया दारात आल्या, आपापल्या तोट्या बघून परत आल्या आणि मान हलवली. कुणाकडंच आला नव्हता.

मी आत पळाले. महानंदा ओट्याला पाठ लावून बसली होती, दोन्ही हात पोटावर, तोंड पांढरं. वर तोटीची मान तिच्या डोक्यावरून नुकतीच मागं फिरल्यासारखी हलत होती, हलून हलून घागरीवर थांबली. घागर काठोकाठ भरली आणि धार आपली आपण बंद झाली. मी पाण्याला बोट लावलं. ऐन वैशाखात पाणी गरम असतंच, पण हे उन्हानं तापलेलं नव्हतं. अंगाएवढं कोमट होतं.

"नळाचं न्हाई गं अव्वा," महानंदा म्हणाली. "माझं पाणी गेलं."

मी खाली बसून तिचं लुगडं चाचपलं. खालची फरशी चाचपली. गुडघ्यावर रांगत सगळीकडं हात फिरवला. कुठं थेंब नव्हता. लुगडं दोरीवरून काढल्यासारखं खडखडीत.

"बेगमबी!" मी ओरडले. "बेगमबी, ये गं!"

ती आली. चिकाच्या हातांनी मागच्या दाराची कडी मला निघेना, तर तिनं बाहेरून धक्का मारून काढली. महानंदाच्या पोटाला हात लावला, आत बघितलं.

"कोरडी हाय. कधी गेलं पानी?"

"आत्ता."

"आत्ता गेलं तर फरशी ओली कुठाय?"

 तिनं घागरीकडं बघितलं. वाकून वास घेतला. बाळंतिणींत जन्म गेलेली बाई ती, तिला तो वास सांगायला लागला नाही. तिनं ताटली घागरीवर ठेवली, वरून आपला पदर फाडून आवळून बांधला आणि तोटी करकचून बंद केली. बंद करताना आतून आवंढा गिळल्यासारखा आवाज आला. तो तिनंही ऐकला.

यांना म्हणाली, "भाई, आम्ही हिला घेऊन जातो. तुम्ही दुसरी रिक्षा करा, ही घागर घेऊन या. हीच. सांडू नका, कुणाला देऊ नका."

७

दवाखान्यात डॉक्टरीणबाई मला बोलल्या. आत पाण्याचा टिपूस नव्हता म्हणाल्या, किती दिवस झाले, घरात कुणाचं लक्ष नव्हतं का.  तास-दीड तासानं पोर झालं. मुलगी. निळसर, सुरकुतलेली, आवाज नाही. बाई तिला चोळत होत्या, पाठीवर मारत होत्या.

यांनी आणून दिलेल्या घागरीची गाठ बेगमबीनं सोडली. "पुसायला पानी," म्हणाली आणि कुणाची वाट न बघता त्या पाण्यानं बाळाला न्हाऊ घालायला लागली. डोक्यावरून तांब्या ओतला. बाळाचा चेहरा भरला. मी डोळ्यांनी बघितलं, सुरकुत्या गेल्या. छाती, हात, पोट. पोटावर पाणी पडलं आणि पोरीनं टाहो फोडला.  बेगमबी ओतत गेली. उजवा पाय झाला. डाव्या पायाला तिनं घागर उपडी केली, हलवली.

संपलं होतं.

डावं पाऊल तेवढं राहिलं. एवढंसं पाऊल, आणि टाचेला भेगा. साठ वर्षं उन्हातान्हात अनवाणी फिरलेल्या माणसाच्या असतात तशा.

"काठोकाठ होती," बेगमबी माझ्याकडं बघून म्हणाली. "मी बांधली तवा काठोकाठ होती ना, अक्का?"

८

हे बाहेर बाकावर बसलेले होते.

"सांडली का घागर?" मी विचारलं.

"न्हाई. मांडीवर धरून आणली."

"मग कमी कशी?"

त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "तुला एक सांगायचं राहिलं," म्हणाले. "तोटीला मी फडकं बांधलं होतं. दोनदा. सकाळी बघितलं तर आत ओढून घेतलेलं, नुसती गाठ लोंबत होती."

"आणि बोलला न्हाईत?"

"तू बेगमबीचं नाव घेतलंस. मला वाटलं, तीच असली तर बरं होईल."

इतकी वर्षं ज्यांना साधा माणूस म्हणून सांभाळलं त्यांचं तोंड मी तेव्हा नीट बघितलं. ओठ ओले होते. त्या दवाखान्यात, त्या उन्हात, सगळ्यांचे ओठ फुटलेले आणि यांचे ओले.

"आणि घागर?"

"लई ऊन होतं, शिवकांता. गाठ सोडून तांब्याभर प्यालो." मग लहान लेकरासारखं म्हणाले, "गोड होतं गं. लई गोड होतं."

त्याच आठवड्यात मी फिटर बोलावून तोटी काढली. नळाच्या भोकात लाकडाची खुंटी ठोकून घेतली. बेगमबीच्या पायावर डोकं ठेवलं, तिनं उचललं, पण तेव्हापासून ती माझ्या घरी पाणी पीत नाही. नात आता तीन वर्षांची आहे, धावते, खोडकर आहे. तेवढ्या टाचेला तेल-तूप जिरत नाही. आणि मी यांच्या हातात पाण्याचा तांब्या देत नाही. त्यांचं ते उठून घेतात, पितात, तोंड पुसतात आणि दर वेळी म्हणतात, "हे न्हाई ते."

गेल्या पावसाळ्यापासून नळ रोज येतो. महानंदाला परत दिवस गेलेत. उदगीरहून पत्र आलं तसं हे म्हणाले, "याही बाळंतपणाला इकडंच आणू. आता पाण्याला काय कमी?" काल ओटा पुसताना बघितलं, भिंतीतली खुंटी कुणीतरी हलवून हलवून सैल केलेली. खाली लाकडाचा ताजा भुसा पडला होता.

पार्वतम्मा चार बायांत वाचून दाखवील, मला ठाऊक आहे. महानंदा म्हणेल, आईनंच दार लावून घेतलं. म्हणू दे. मी आज सकाळी कार्ड टाकलं. दोनच ओळी. लातुरात पाणी नाही. तू येऊ नकोस.